मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी बावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली. शिकणारा स्टिअरिंगशी झटापट करायचा आणि मास्तर शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर उजवा पाय ठेवून जगाचं रक्षण करायचे. मग डोळे गेले. आधी रस्त्यावरच्या पाट्या दिसेनाशा झाल्या, मग विद्यार्थ्यांची तोंडं. त्या तोंडांचं काही वाईट वाटलं नाही, असं ते स्वतःच सांगत. पुढची दोन वर्षं ते खुर्चीत बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते शिकवत होते.

शेवटी बायकोने हात टेकले आणि दिव्यांगांना मोकळ्या हवेत भटकायला नेणाऱ्या एका मंडळात त्यांचं नाव घातलं. तिथे जोडसायकल होती. दोन सीट, दोघांची पायडलं एकाच साखळीने जोडलेली, एकाने पाय थांबवला की दुसऱ्याचाही थांबणार. हँडल आणि ब्रेक पुढे. मागे मास्तर. पुढे बायको, जिला त्यांनी लग्नानंतर तीन दिवस मोटार शिकवून "तुला या जन्मात जमायचं नाही" असा निकाल दिला होता.

आज चाचणी होती. तळ्याभोवतीची फेरी न थांबता पूर्ण झाली, तरच रविवारच्या सहलीत जागा. नाहीतर पुन्हा खुर्ची. त्या खुर्चीला मास्तर किती विटले होते, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"डावीकडे वळतेय हं," बायको म्हणाली, आणि सायकल अडली. दोघं गवतात.

"साखळी अडकली," मास्तरांनी पडल्या पडल्या निदान केलं. चाचणीसाठी मागोमाग येणाऱ्या मंडळाच्या मेकॅनिकने साखळी तपासली. पुढच्या वळणावर पुन्हा गवत. "बेअरिंग गेलंय." मेकॅनिकने चाक खोलून पाहिलं. तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, "पुढच्या माणसाला बॅलन्स नाही."

"काका, सायकल ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "वळण म्हटलं की तुमचा उजवा पाय ताठ होतो. पायडल तिथेच थांबतं."

बावीस वर्षं नेमाने दाबलेला ब्रेक. मोटार गेली, डोळे गेले, पण पाय अजून नोकरीवर होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे. मला या जन्मात जमायचं नाही."

"तीनदा पडल्यावर निकाल लावू नका," बायको म्हणाली. "मलाही तेव्हा चौथा दिवस हवा होता. बसा."

मास्तर निमूटपणे बसले आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. प्रत्येक वळणावर ते पायाला मनातल्या मनात शिव्या घालत राहिले, आणि पाय फिरत राहिला. वारा तोंडावर आला तेव्हा त्यांना चक्क रडू आलं.

"फेरी झाली!" मेकॅनिक ओरडला.

मास्तरांना एकदम औदार्याचं भरतं आलं. "अगं, घरी गेलो की तुझा चौथा दिवस. मी शिकवतो तुला मोटार."

"नको. महिनाभर दुसरीकडे शिकलेय मी," बायको पायडल मारत म्हणाली. "परवा लायसन्स आलं. रविवारी सहलीला डोंगरापर्यंत मोटारीने तुम्हाला मीच नेणार आहे, घाटातून."

उजवा पाय ताठ झाला. दोघं गवतात.

बायकोला हसता हसता उठता येईना. तिच्या शेजारी उताणे पडलेले मास्तर थोडा वेळ विचार करून म्हणाले,

"साखळी अडकली."