शेवटची बाकी

लग्नानंतरची आमची पहिली वर्षं एका आकड्यात गेली. दोनला दोनने गुणत गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, असा तो आकडा. लिहिला तर कागदाची आख्खी ओळ भरे. हे कॉलेजात गणित शिकवत. तो आकडा मूळ संख्या आहे, एक आणि तो स्वतः सोडून त्याला कुणी भागूच शकत नाही, असं ह्यांच्या मनाने घेतलं होतं.

तपासायची रीत सोपी, पण जीव काढणारी. चारापासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या आकड्याने भागायचं. जी बाकी उरेल तिचा पुन्हा वर्ग. ठरलेल्या पायऱ्या संपल्यावर बाकी शून्य आली तर आकडा मूळ, दुसरं काहीही आलं तर नाही. वर्ग ह्यांच्याकडे, भागाकार माझ्याकडे. जेवणाचं टेबल पुसून समोरासमोर बसायचो. प्रत्येक पायरीला नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज करून उत्तर पडताळायचं.

"भागाकारच करत बसणार, की घरात पाळणाही हलणार?" सासूबाई विचारायच्या.

"शून्य आलं की हलेल," हे म्हणायचे.

शून्य आलं नाही. लांबलचक बाकी आली. हे तिच्याकडे बघत राहिले.

"कुठेतरी चुकलंय."

"अहो, ताळा तर दर वेळी जुळलाय."

"दोन अंकांची अदलाबदल झाली तर ताळ्याला कळत नाही. अंकांची बेरीज तीच राहते ना."

कुणाच्या हातून, ते बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तपासायला काढले ते भागाकाराचे कागद.

पाळणा हलला, लेक मोठी झाली. सुट्टीच्या दुपारी हे माझ्या भागाकारांवर पेन्सिलीने बारीक खुणा करत बसत.

"सापडली?"

"अजून नाही."

पुढे मी विचारणं सोडलं. खिडकीचं माप मी घेतलं, की हे काही न बोलता टेप घेऊन उठत आणि पुन्हा मोजत.

हे गेल्यावर लेक कपाट आवरायला आली. कागद पाहून तिने तो आकडा त्याच रीतीने लॅपटॉपवर तपासायला घातला. चहाला उकळी येईपर्यंत उत्तर आलं.

"आई, तुमची शेवटची बाकी वाच बघू."

मी वाचत गेले, ती पडद्यावर बोट सरकवत गेली. बोट कुठे अडलं नाही.

"तीच आहे गं! तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तो आकडा मूळ नाहीच आहे."

"हं."

"बाबा असते तर किती हसले असते!"

हसले नसते. पण ते तिला काय सांगणार? तू चुकलीस असं त्यांनी मला कधी म्हटलंच नव्हतं. मागे घ्यायलाही काही नव्हतं. मी चहा गाळला. साखर घातली की नाही, आठवेना.

संध्याकाळी लेक म्हणाली, नवे पडदे शिवून आणते, माप दे. मी टेप लावली, माप सांगितलं. तिने लिहून घेतलं.

टेप गुंडाळायच्या आधी मी जरा थांबले. खुर्चीतून कुणी उठलं नाही.