पांढरा ठेवलेला कोपरा

आई पलंगावरून पडली आणि तिच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात त्याचा मागमूसही नव्हता. म्हणून दादाने धाकट्याला फोन केला, "तुझं ते फुकटचं लिनक्स झोपलंय, येऊन बघ."

फुकटचं म्हणे! अडगळीतला कॉम्प्युटर झाडून-पुसून, त्यावर लिनक्स आणि कॅमेऱ्याचा प्रोग्राम टाकून, दोन रविवार घालवून धाकट्याने तो उभा केला होता. आई एकटीच उठायला गेली तर घरच्यांना कळावं, एवढ्यासाठी. एरवी दिवसभर तिच्याजवळ तिला सांभाळायला ठेवलेली ताई असायची. आई फक्त ताईच्या हातून जेवायची. ताईची सुट्टी म्हणजे आईचा उपास.

धाकट्याने येऊन पाहिलं, तर प्रोग्राम ठणठणीत चालू होता. काही हललं तरच तो चित्रण करतो. पंखा-पडदे उगाच हलतात, म्हणून खोलीच्या चित्राचा जो भाग सोडून द्यायचा तो काळा रंगवून ठेवायचा, बाकीचा पांढरा. हे रंगकाम धाकट्यानेच दादाला मोठ्या हौसेने शिकवलं होतं. माकडाच्या हाती कोलीत!

त्याने ते चित्र उघडलं. पंखा काळा, पडदा काळा, दार काळं. आईचा अख्खा पलंगही काळा. पांढरा ठेवला होता तो फक्त कपाटाशेजारचा कोपरा. ताई सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी जाताना तिथे कपडे बदलायची.

रोजची दोन चित्रणं, तारखेवार लावलेली. एक उघडलं, ताईची उघडी पाठ दिसली, त्याने झटकन बंद केलं.

"हे काय आहे, दादा?"

"आईचा हात सारखा थरथरतो. नुसती डिस्क भरत होती. म्हणून पलंग काळा केला."

"आणि हा कोपरा?"

दादाने चहाचा घोट घेतला. "राहिला असेल. उगाच राईचा पर्वत करू नकोस. तिला कळलं तर ती जाईल. मग आईला भरवणार कोण, तू?"

लाज कोळून प्यालेला माणूस! आणि वर ढाल कुणाची, तर आईची. ज्या कपाला दादाचे ओठ लागले होते, त्या कपाकडेही धाकट्याला बघवेना. त्याने कॅमेरा भिंतीवरून उपटला आणि तो आत गेला.

ताई आईला भरवत होती. तो खाली मान घालून सगळं सांगून मोकळा झाला. "चित्रणं पुसलेली नाहीत. पोलिसांकडे जायचं तर मी बरोबर येतो."

ताईचा चमचा हवेतच थांबला. मग तिने तो घास आईला दिला, तिचं तोंड पुसलं, वाटी ठेवली आणि पिशवी उचलली. आई 'आ' करून पुढच्या घासाची वाट बघत होती.

"ताई," धाकटा म्हणाला, "एवढी वाटी तरी संपवून जाता का?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. ताईने वळून त्याच्याकडे पाहिलं. मघाशी तो दादाकडे असाच बघत होता.