आखूड पायाचं स्टूल

मी एक जुनं स्टूल आहे. लोखंडी, गोल बैठकीचं, चार पायांचं. त्यातले तीन पाय सारखे आहेत. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते चौथ्या पायामुळे घडलं. बाकीचे तीन नुसते उभे राहिले.

मित्रांनो, माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. इस्पितळाची मोठी ऑर्डर होती आणि माल त्याच दिवशी द्यायचा होता. वेल्डरची बायको पाइप कापत होती, वेल्डर जोडत होता. मला पहिल्यांदा जमिनीवर ठेवलं तेव्हा मी 'टक्' असा आवाज केला.

"अहो, हे हलतंय," बायको म्हणाली.

"हलू दे. इस्पितळात जायचंय त्याला. तिथे माणसं धड नसतात, स्टुलाचं काय घेऊन बसलीस?"

अशा रीतीने माझी तपासणी पूर्ण झाली. वर पांढरा रंग लागला आणि माझी रवानगी झाली.

इस्पितळाचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज होतं. मला तिथल्या मुलाखतीच्या खोलीत ठेवलं. टेबलाच्या एका बाजूला गादीच्या तीन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला मी. मधल्या खुर्चीवर संस्थेचे विश्वस्त बसत. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. डावीकडे प्राचार्या, म्हणजे मोठ्या बाई. उजवीकडे एक डॉक्टर, ज्यांचं लक्ष घड्याळाकडे असे.

साहेबांचा प्रश्न ठरलेला असे. "नर्स का व्हायचंय?"

उत्तरही ठरलेलं असे. "सेवा करायची आहे." कोणी ते पाठ करून म्हणत, कोणी डोळ्यांत पाणी आणून. मी ते इतक्या वेळा ऐकलं की आपणही एक अर्ज टाकावा असं मला वाटू लागलं.

पण साहेब काही उत्तरावर निकाल देत नसत. त्यांना माणसाची पारख होती, असं ते स्वतःच सांगत. "शब्दांवर जाऊ नका बाई, शरीराकडे बघा. बोलताना जी डगमगते तिच्या मनात खोट असते."

आता बसणारीचं वजन माझ्या तीन पायांवर पडलं तर ती स्थिर राही. चौथ्यावर पडलं की डगमगे. पहिल्या मुली खऱ्या ठरत, दुसऱ्या खोट्या. साहेबांनी कित्येक वर्षं अशा प्रकारे मनं ओळखली. मला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांना येत होतं, पण त्यांना उशीर होत असे.

एके वर्षी एक गोड आवाजाची मुलगी आली. तिने आजीचं आजारपण काढलं होतं. ते सांगता सांगता ती रडू लागली. ते रडू अस्सल होतं, कारण त्याची थरथर माझ्या बैठकीपर्यंत पोचली. नशिबाने ती तीन पायांवर बसली होती. साहेब म्हणाले, "वा!"

तिच्यानंतर एक काटकुळी मुलगी आली. ती बसली आणि मी टक् केलं. ती लगेच उठली. खाली वाकून तिने माझे पाय पाहिले. मग पर्समधून बसचं तिकीट काढून त्याच्या घड्यांवर घड्या घातल्या, ती घडी चौथ्या पायाखाली सरकवली आणि पुन्हा बसली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"हलत होतं, सर. पडले असते तर तुमची आजची पहिली पेशंट मीच."

मोठ्या बाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता.

"नर्स का व्हायचंय?"

"पगारासाठी."

डॉक्टरांनी घड्याळावरून मान वर केली. मी तरी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"पगारासाठी! आणि सेवा?"

"ती तुम्ही शिकवणार ना, सर? त्याचीच फी भरायचीय मला."

"म्हणजे दया, माया, असलं काही नाहीच तुमच्यात?"

"आहे की. पण आई शिवणकाम करायची, तिचे डोळे अधू झालेत. मागे दोन बहिणी आहेत. माझ्या मायेवर त्यांची शाळा नाही चालायची. पगारावर चालेल."

साहेबांनी नकाराचा शेरा मारायला पेन उचललं आणि ते हवेतच थांबलं. बिचारे आपल्याच सिद्धान्तात अडकले होते.

"हललीच नाही ती," ते बाईंकडे झुकून पुटपुटले.

"नाही ना. म्हणजे खरंच बोलली," बाई म्हणाल्या आणि साहेबांनी आणखी विचार करण्याच्या आत त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली.

दाराबाहेर कान लावून बसलेल्या मुलींनी त्याच दिवशी तिचं नाव 'पगार' ठेवलं. गोड आवाजाची ती 'साखर' झाली. दोघींना वसतिगृहात एकच खोली मिळाली आणि त्यांची गट्टी जमली.

पुढे मुलाखतीच्या खोलीत नव्या खुर्च्या आल्या आणि मी पुरुषांच्या वॉर्डात गेलो. मित्रांनो, वॉर्डातल्या स्टुलाला कोणी स्टूल समजत नाही. माझ्यावर नातेवाइकांनी डबे ठेवले, इलेक्ट्रिशियनने चपला न काढता उभं राहून पंखे दुरुस्त केले, सफाईवाल्या मावशींनी ओली बादली टेकवली. माझा रंग गेला, गंज आला. काही वर्षांनी साखर आणि पगार नर्स होऊन त्याच वॉर्डात आल्या, तेव्हा मला ओळखलं ते पगारताईने. बसण्याआधी ती खाली वाकली आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून तिने पायाखाली घातला.

दोघी कंत्राटावर होत्या. कंत्राट म्हणजे काय, तर दरवर्षी नव्याने नोकरीला लागायचं, त्याच वॉर्डात, त्याच पगारावर. कायम करा म्हणून नर्सबाया दरवर्षी अर्ज देत. दरवर्षी वार्षिक समारंभात साहेब भाषण करत. "सेवेचं मोल पैशात होत नाही," असं ते म्हणत आणि त्याप्रमाणे वागत. भाषणानंतर प्रत्येकीला एक गुलाब मिळे.

"पैशांऐवजी वाणी घेतो का बघते," असं म्हणून पगारताई आपला गुलाब माझ्यावर ठेवून कामाला लागे.

दोघीही कामाला चोख होत्या. साखरताई पेशंटचा हात हातात घेऊन बसे, त्याच्या घरची चौकशी करी, तो रडला तर तीही रडे. पगारताई रडत नसे. पण इतर नर्स घाईघाईत उभ्यानेच घास भरवत, तेव्हा ती मला ओढून शांतपणे बसून भरवी.

"किती मायेनं भरवतेस गं पोरी," एक आजोबा म्हणाले.

"माया कसली, आजोबा! उभं राहून वाकलं की कंबर जाते. कंबर गेली की नोकरी गेली. आ करा."

पेशंटला वेळोवेळी कुशीवर का वळवतेस, असं विचारलं तर म्हणे, पाठीला जखम झाली की रोजचं ड्रेसिंग माझ्याच गळ्यात. प्रत्येक चांगल्या कामाला तिच्याकडे असं एक रोखठोक कारण तयार असे.

मग एके दिवशी साहेब स्वतःच्याच बाथरूममध्ये घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या इस्पितळात गेले असते, पण ते बरं दिसलं नसतं. ऑपरेशन झालं. वॉर्डाला लागूनच असलेल्या खोलीत त्यांना ठेवलं आणि पाहुण्यांसाठी मला तिथे नेलं.

शुद्धीवर येताच त्यांनी हुकूम सोडला. "माझ्याकडे सेवाभावी नर्स द्या. ती पगारवाली नको." इतक्या वर्षांतही ते विसरले नव्हते.

त्याच सुमारास पगारताईला दुसऱ्या गावच्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. तिथे कायम नोकरी होती. धाकटी बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. महिनाअखेरपर्यंत इथे कायम केलं तर राहायचं, नाहीतर जायचं, असं तिने ठरवलं होतं. जायचं तिच्या मनात नव्हतं. साखरताईशी याच विषयावर रोज तिची खुसुरफुसुर चाले.

साखरताईने साहेबांची मनापासून काळजी घेतली. "तुम्ही मला वडिलांसारखे. मी तुम्हाला बाबाच म्हणणार." साहेब सकाळभर खूश होते. दुपारी मात्र त्यांनी बोलणं बंद केलं. पाणी नको, रस नको. छताकडे डोळे लावून पडून राहिले.

"बाबा, एक घोट तरी घ्या ना," साखरताई काकुळतीला आली.

साहेबांनी मान हलवली. साखरताई घाबरली. तिने डॉक्टरांना सांगितलं. पेशंट पाणी पीत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सलाइन लावायला सांगितलं. बाटलीतून थेंब थेंब पडू लागलं. त्या थेंबांकडे साहेबांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

साखरताई जेवायला गेली. बाटली बघायला पगारताई आली. तिने साहेबांचा चेहरा पाहिला, चादरीवरून पोटाला हात लावला.

"लघवी तुंबलीय, साहेब."

"तुमचा काय संबंध?"

"घाम फुटलाय तुम्हाला. तिला का नाही सांगितलं?"

साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "बाबा म्हणते ती मला," ते म्हणाले. "मुलीला कसं सांगायचं हे? ती बिचारी प्रेमापोटी करते सगळं. तिच्याकडे लघवीचं भांडं मागायचं?"

"आणि मी काय म्हणते तुम्हाला?"

"साहेब."

"मग मागा की हक्कानं! मला ह्याचाच पगार मिळतो. उपकार नाही करत तुमच्यावर."

साहेबांनी मागितलं. तिने पडदा ओढला, भांडं दिलं, नंतर हात धुतले. पडदा उघडला तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी त्यांच्या एकाही सत्कारात पाहिलं नव्हतं.

साखरताईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "मग माझं चुकलंच का गं?"

"चुकलं कुठे? त्यांना रडू आलं तर तूच लागशील. मला नाही जमत ते. पण भांडं देईपर्यंत तरी बाबा म्हणू नकोस बाई."

दोघी हसत सुटल्या. त्यानंतर साहेब गप्पांसाठी साखरताईला आणि बाकी सगळ्यासाठी पगारताईला हाक मारू लागले.

साहेबांना ऑपरेशननंतर दोन्ही पायांवर पहिल्यांदा उभं राहायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. पगारताईची ड्युटी संपली होती. खांद्याला पिशवी अडकवून ती दारातून नुसती डोकावली.

"उद्या पडलो तर?" साहेब एकदम म्हणाले. विश्वस्तांच्या आवाजात नाही. एखादं पोर विचारतं तसं.

ती आत आली. मला ओढलं, पुठ्ठा घातला, बसली.

"ड्युटी संपली ना तुमची? आता हे कशाचे पैसे?" साहेबांनी टोमणा मारून पाहिला.

"कशाचेच नाहीत. बस यायला वेळ आहे म्हणून बसले." मग तिने त्यांना आधी धडधाकट पायावर भार कसा घ्यायचा, वॉकर कुठे धरायचा, आणि भीती वाटली तर खाली न बघता समोर कसं बघायचं, ते सगळं सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

खिडकी साहेबांच्या डोक्यामागे होती. त्यांना ती दिसत नव्हती, आम्हाला दिसत होती. समोरच्या थांब्यावर बस आली, थांबली, माणसं चढली. पगारताईने ती पाहिली. बस निघून गेली.

"आज बसला उशीर झालेला दिसतोय," साहेब म्हणाले.

"येईल," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर बसून खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ही हललीच नाही.

घरी जायच्या दिवशी साहेब बूट घालायला माझ्यावर बसले. पुठ्ठा निसटलेला होता. मी टक् केलं. साहेबांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"अरे, हे हलतंय!"

"पहिल्यापासून हलतंय, साहेब," पगारताई म्हणाली. "मुलाखतीच्या खोलीत हेच होतं."

साहेबांच्या हातातला बूट हातातच राहिला. "म्हणजे त्या सगळ्या मुली..."

"त्या नव्हत्या हलत." तिने वाकून तो बूट त्यांच्या पायात घातला आणि नाडी बांधली. "त्यांचं आता काही होणार नाही. आम्हाला कायम करायचं तेवढं बघा. महिनाअखेरपर्यंत."

"पुढच्याच बैठकीत मांडतो. शब्द देतो." तो शब्द त्यांनी मनापासून दिला. फक्त तेव्हा ते माझ्यावर बसलेले होते.

पुढची बैठक झाली. साहेबांनी दोन विषय मांडले. स्टुलाच्या आखूड पायाला रबरी बूट बसवावा, हा एकमताने मंजूर झाला. नर्सना कायम करावं, हा उपसमितीकडे गेला. उपसमितीतले एक सभासद परगावी होते.

महिना संपला. पगारताई निघाली. चिडली नाही, कोणाला बोल लावला नाही. "मुलाखतीतच सांगितलं होतं मी," एवढंच साखरताईला म्हणाली. साखरताई तिच्या गळ्यात पडून रडली. पगारताई रडली नाही. ती माझ्या पायाखाली नवा पुठ्ठा घालायला वाकली आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिली. पुठ्ठा सरकवायला इतका वेळ लागत नाही.

कायम करण्याचा हुकूम नंतर निघाला. साखरताई कायम झाली. साहेब अजून काठी टेकत तपासणीला येतात आणि दारातून आत नजर टाकतात. "ती नाही का?" असं एकदा त्यांनी विचारलंही होतं. साखरताईने त्यांना बसायला खुर्ची दिली. मला दिलं नाही.

रबरी बूट आला, पण जास्त जाड आला. आता मी दुसऱ्या बाजूला हलतो.

मित्रांनो, नर्स दयेने होतात की पैशासाठी, हे मला कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर मी सांगेन की माझ्यावर दोन्ही प्रकारच्या बसल्या आहेत आणि वजनात मला फरक कळलेला नाही. माझं मागणं साधं आहे. माझ्यावर बादली ठेवू नका. चपला घालून उभे राहू नका. आणि कोणाला माझ्यावर बसवून 'का आलीस' असं विचारण्याआधी, एकदा खाली वाकून माझे पाय बघा. ते सारखे करून द्या. तेवढं केलंत, तर कोणाला तरी बस सोडून आणखी थोडा वेळ बसता येईल.