भिंतीवरचे शंभर शेअर

मित्रांनो, माझ्या उजव्या कोपऱ्यावरचा हा तपकिरी डाग चहाचा नाही. मी एक जुने शेअर सर्टिफिकेट आहे, आणि ज्या माणसाचे नाव माझ्या अंगावर टाइप केलेले आहे, त्याचेच हे रक्त आहे.

माझा जन्मही काही मायेने झाला नाही. मुंबईच्या छापखान्यात एका पात्याने आम्हा भावंडांना खाडकन एकमेकांपासून तोडले. मग अंगावर नंबराचे ठोके पडले. माझ्या कपाळावर कंपनीची खूण होती, दोन हातांनी सावरलेले एक चाक. ती कंपनी कापड विकत नव्हती की साखर. बुडायला आलेल्या कारखान्यांना ती सल्ला द्यायची: काय वाचवायचे, काय विकायचे, किती माणसांना घरी पाठवायचे.

१९९४ साली मी टपालाने कबनूरला प्रसेनजीतच्या घरी आले. प्रसेनजीत बी.कॉम. झालेला, सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहायचा. त्याचे वडील आबा त्याच गिरणीत पिंजण खात्यात होते. त्या दिवसांत जो तो शेअरचे फॉर्म भरत होता, तसा यानेही भरला.

"कसलं हाय रं हे?" आबांनी मला उलटसुलट करून विचारले.

"शेअर हायत, आबा. शंभर. आजारी कंपन्यांचा डॉक्टर म्हणायचं या कंपनीला."

"डॉक्टर म्हंजे फी घेणार की. पेशंट जगू दे न्हाय तर मरू दे."

घरात असा कागद पहिल्यांदाच आला होता. प्रसेनजीतने मला त्याच्या पदवीसारखीच फ्रेम करून घेतली. आमच्या भागात मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात. फ्रेमवाल्याने तीच चिवट खळ माझ्या पाठीला फासली, मला पुठ्ठ्यावर दाबले आणि वर काच बसवली. बाहेरच्या खोलीत मी मिरवू लागले. शेजारचे हंबीरराव गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ते चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "चला, गल्लीत एकजण तरी मालक झाला."

सगळे हसले. प्रसेनजीतची बायको संघप्रिया तेवढी हसली नाही. तिची लेक अक्षता रांगत होती, आणि संघप्रियाला भिंतीवर फक्त काच दिसत होती.

चार वर्षांनी गिरणीचे पगार थकले. एक दिवस गिरणीत परगावचे साहेब आले. त्यांनी टाइम ऑफिसातली हजेरीपुस्तके मागितली, प्रसेनजीतने दिली. दोन महिन्यांनी फाटकावर तीनशे दहा नावांची यादी लागली. ज्यांचे खाडे जास्त, त्यांना आधी काढले होते. यादीत आबा होते. हंबीररावही होते. त्यांच्या बायकोचे, अंबूबाईंचे, ऑपरेशन झाले तेव्हा ते दोन महिने कामावर गेले नव्हते. आणि यादीच्या माथ्यावर खूण होती, दोन हातांनी सावरलेले चाक.

त्याच आठवड्यात माझा भाव चढला. मित्रांनो, माझे असेच होते. कुठे गिरणी बंद पडली, कंपनीला काम मिळाले, की मी वधारायचे. प्रसेनजीतने वर्तमानपत्रातला तो आकडा बोटाने झाकला. संघप्रियाने ते पाहिले.

"विकून टाका," ती म्हणाली.

तो मला घेऊन कोल्हापूरला दलालाकडे गेला. दलालाने फ्रेम खोलली आणि माझी पाठ खरवडून बघितली, पण पुठ्ठा सुटेना. "नव्या मालकाचं नाव मागं चढवायचं असतंय. पावणं, ही काय बारावीची मार्कलिस्ट हाय व्हय, चिकटवायला?"

प्रसेनजीत मला तसेच परत घेऊन आला.

"मग ट्रंकेत तरी टाका."

"लपवलं की चोर ठरतोय. मी काय केलंय?" असे म्हणून त्याने मला पुन्हा खिळ्यावर अडकवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. आधी पत्र्यावर दगड पडले. संघप्रियाने अक्षताला खाटेखाली ढकलले आणि स्वतः खाटेपुढे बसली. दाराची कडी दोन लाथांत उखडली. यादीतली पंधरावीस माणसे आत घुसली. त्यांच्या हातांत मागाच्या काठ्या होत्या. पहिली काठी मडक्यावर बसली, दुसरी आबांच्या गुडघ्यावर. आबा भिंतीला घासत खाली बसले.

हंबीररावांनी प्रसेनजीतची गचांडी धरली. "आमचं खाडं कुणी दिलं त्यास्नी?"

"पुस्तकं मागितली, दिली मी. कशाला पायजेत ते सांगितलं न्हाय. यादीत आबाबी हायत, हंबीरराव."

"आणि ही कंपनी?"

"माझी न्हाय ती. शंभर शेअर हायत नुसतं."

"तुझी न्हाय, तर भिताडावर टांगलीस कशाला?"

हंबीररावांनी मला ओढून काढले, दोन्ही हातांनी वर उचलले आणि प्रसेनजीतच्या तोंडावर हाणले. माझी काच फुटली ती त्याच्या डाव्या डोळ्यात. दुसऱ्या फटक्याला फ्रेमचे लाकूड मोडले. तिसरा मारायला हंबीररावांचा हात उठला नाही. खाटेखालून अक्षता "हंबीरआजा" अशी हाक मारत होती. माणसे एकेक करून मागे सरली. मी फरशीवर पडून भिजत राहिले.

दवाखान्यात हवालदार आले. प्रसेनजीत शुद्धीवर नव्हता. सगळे काही आता संघप्रियाच्या जबाबावर होते.

"कुणी मारलं?"

"हंबीररावांनी. मी बघितलं. तसं लिहा." "बावीस वर्षांच्या नोकरीनंतर, बायकोच्या आजारपणाच्या खाड्यांवरून त्यांना काढलं, हेही लिहा."

"त्याला फॉर्मात जागा न्हाय, वहिनी."

"समासात लिहा. दोन्ही लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

हवालदारांनी शेवटी कडेला, बारीक अक्षरात, ते लिहिले. तेव्हा तिने सही केली.

मी सहा वर्षे पोलिसांच्या मुद्देमालाच्या पोत्यात पडून होते, मग घरी परतले. हंबीररावांना दोन वर्षांची शिक्षा झाली. समासातली ती ओळ मोठ्याने वाचूनच न्यायाधीशांनी शिक्षा कमी केली, असे आबा सांगतात. प्रसेनजीतचा डोळा मात्र गेला. आता अक्षता सहावीत आहे. बापाला काही दाखवायचे असले की ती न सांगता त्याच्या उजव्या बाजूला बसते.

मित्रांनो, शेअर घेऊ नका असे मी सांगणार नाही. मी कागद आहे, मला विकत घेणारे लागतातच. पण कुणाचे काय थांबले म्हणजे माझा भाव चढतो, हे घेण्याआधी विचारा. संघप्रिया अजून अक्षताला माझ्यावरून हात फिरवू देत नाही. वरून मी गुळगुळीत दिसते. पण काचेचे बारीक कण माझ्यात अजून रुतलेले आहेत.