सुताराचं पहिलं भाषण

नाटक रवींद्रने लिहिलं होतं, आणि अर्थातच स्वतःसाठी लिहिलं होतं. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकाचा नायक तोच; नायक कोण, हे इतकी वर्षं कुणी विचारतसुद्धा नव्हतं. या वेळची गोष्ट होती एडविन क्रॉली नावाच्या इंग्रज सुताराची. रंधा मारता मारता त्याने कामगारांची संघटना उभी केली, निवडून पार्लमेंटात गेला आणि कारखान्यातल्या पोरांचे कामाचे तास कमी करून घेतले. रवींद्रने जन्मभर डेटाबेस सांभाळले होते. भिंतीत खिळा कधी धड ठोकला नव्हता. पण आरशासमोर क्रॉलीचं भाषण म्हणताना तो स्वतःला खरोखर सुतार समजायचा.

आणि दिग्दर्शन करणाऱ्या नीलांबरीने क्रॉली दिला नकुलला! नकुल म्हणजे पीएचडी करायला आलेला पोरगा, मंडळात येऊन जेमतेम वर्ष झालेला. क्रॉली ऐन तिशीतला आहे, असं तिचं म्हणणं. रवींद्रच्या पोटाबद्दल ती काही बोलली नाही, पण तिची नजर तिकडेच गेली.

"तुला अख्खं नाटक पाठ आहे, तर प्रॉम्प्टिंग तूच कर ना, यार," ती म्हणाली.

त्याने हसून हो म्हटलं. तेवढं हसायला त्याला येत होतं, शेवटी नट होता.

तालमी त्याच्याच बेसमेंटमध्ये, चहा त्याच्याच घरचा आणि कौतुक मात्र नकुलचं. पोरगं उद्धट असतं तर बरं झालं असतं. पण ते गुणी होतं, वर नम्र होतं, बूटसुद्धा दाराशी नीट ओळीत काढून ठेवायचं. रवींद्रच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात नकुल एका सुताराकडे जाऊन रंधा धरायला शिकून आला, आणि रवींद्रच्या बायकोने, प्रतिमाने, खूश होऊन त्याला आणखी पोहे वाढले. रवींद्रच्या डोळ्यांत ते पोहेसुद्धा खुपले.

प्रयोगाला शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. रवींद्र विंगेत संहिता घेऊन उभा, शेजारी प्रतिमा कपड्यांचं बघत होती. पार्लमेंटातल्या पहिल्या भाषणाचा प्रवेश आला. नकुल उठला, "सन्माननीय सभासदहो," म्हणाला आणि अडकला. त्याने विंगेकडे पाहिलं.

पुढचं वाक्य रवींद्रच्या जिभेवर होतं. नुसतं पुटपुटलं असतं तरी पोहोचलं असतं. त्याने ओठ मिटून घेतले. पडू दे एकदा तोंडावर, मग कळेल सगळ्यांना क्रॉली कोणाचा होता ते. प्रतिमाने त्याच्या दंडाला हिसका दिला. हा ढिम्म.

नकुलची मान खाली गेली. आधाराला म्हणून त्याने समोरच्या टेबलाची कड धरली. मग त्याची बोटं हळूहळू त्या लाकडावरून फिरायला लागली, सुतार जोड तपासतो तशी. त्याचे डोळे भरून आले होते. ते भीतीने, हे फक्त विंगेत माहीत होतं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग वाक्य त्याचं त्यालाच आठवलं, आणि ते असं काही बाहेर पडलं की पहिल्या रांगेतल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. हॉल टाळ्यांनी दणाणला. रवींद्रने ते वाक्य आरशाला कितीदा ऐकवलं होतं, पण त्याआधी गप्प राहावं हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

पडदा पडल्यावर नीलांबरीने माइक नकुलच्या हातात दिला.

"त्या पॉजचं क्रेडिट माझं नाही," नकुल म्हणाला. "मी टोटली ब्लँक झालो होतो. रवींद्रकाकांनी मुद्दाम प्रॉम्प्ट केलं नाही. क्रॉली इथे गप्पच होईल, हे त्यांना कळलं. माझ्यावर एवढा विश्वास कुणीच टाकला नसता."

आणि त्याने काकांना हाताला धरून स्टेजवर ओढलं. सगळा हॉल उठून उभा राहिला. इतक्या टाळ्या रवींद्रला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. खरं काय ते सांगायला माइक हाताशी होता. त्याने वाकून नमस्कार केला.

वर पाहिलं तर विंगेत प्रतिमा हाताची घडी घालून उभी होती. स्टेजवर त्याच्या शेजारी नकुल जीव तोडून टाळ्या वाजवत होता, आणि रवींद्रला पुन्हा त्याचाच हेवा वाटला. माइकवर जे सांगितलं, ते त्या पोराला स्वतःला खरंच वाटत होतं.