एकच रकाना

मी एका बुटांच्या दुकानाची जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका मित्रांनो. माझ्या वयाच्या बऱ्याच जणी केव्हाच बंद पडल्या. मी अजून उघडते, एवढेच. उघडताना थोडा वेळ लागतो, तेवढा सांभाळून घ्या.

माझे मालक साधे बूट करत नाहीत. ज्यांचा एक पाय लहान आणि एक मोठा, अशांसाठी ते जोडीतला प्रत्येक बूट वेगळ्या मापाचा शिवतात. ही कला ते शिकले थोरल्या बहिणीमुळे. लहानपणी आजारपणात तिचा डावा पाय वाढायचा राहिला, आणि तिला बसेल अशी जोडी बाजारात कुठेच मिळेना.

मला जन्म दिला मालकांच्या मेहुण्याने. साध्या बुटांच्या दुकानाचा एक तयार साचा घेतला, त्यावर आमचे नाव चढवले आणि स्वारी हात झटकून मोकळी! मेहुण्यापुढे बोलायची सोय नसते, म्हणून मालक 'झकास' म्हणाले. तेव्हा माझे कोण कौतुक! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मला उघडून दाखवायचे.

पुढे रस्त्यावरची गिऱ्हाइके आटली आणि सगळी मदार माझ्यावर आली. लोक दूरदूरून यायचे, फोटो मोठे करकरून पाहायचे, एखादा बूट निवडायचे. मग मापाचे पान उघडायचे आणि तिथेच बोट थांबायचे. थोडे पुढे, थोडे मागे, की निघून जायचे. रोज तेच. मला सारे दिसत होते, पण सांगायला तोंड कुठे होते?

मालक स्वतः थोडेच माझ्याकडून बूट मागवणार! त्यांना एवढेच कळायचे, की मापाच्या पानावरून माणसे परत जातात. "कंजूष आहेत लेकाचे," ते म्हणाले आणि त्यांनी भाव उतरवले. तरी तेच. मग माझ्या कपाळावर लुकलुकणारी पाटी आली, कोपऱ्यात हात हलवणारी बाहुली आली, आणि कोणी जायला निघाले की 'थांबा!' म्हणत आडवी येणारी चौकट आली. नटून नटून मी मेटाकुटीला आले. इकडे मालकांना कारखान्यात बुटांचे तळवे चिकटवायची नोकरी चालून आली होती. महिनाअखेरीस होकार द्यायचा, म्हणजे दुकानाला कुलूप लावायचे.

शेवटी मालकीणबाई वैतागल्या. "अहो, किती आले नि किती गेले ते काय बघत बसलात? कुणाला तरी शेजारी बसवून बघा की, कुठे अडतंय ते! आणि तोंड मिटून बघायचं हं."

त्या दिवशी मालकांची थोरली बहीण, आमच्या ताई, घरी आल्या होत्या. मालकांनी त्यांच्या हातात फोन दिला. "ताई, समज तू गिऱ्हाईक आहेस. तुझ्यासाठी बूट मागव."

"घरच्या दुकानातून पण फोनवर मागवू? धन्य आहे बाबा तुझी!" ताई हसल्या, पण लागल्या कामाला. 'थांबा!'वाली चौकट त्यांनी दोनदा हाकलली. "हिचं काय मध्ये मध्ये?" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग त्यांनी एक बूट निवडला. मापाचे पान उघडले. बोट थांबले.

मालक काही सांगायला गेले, तोच मालकीणबाईंनी डोळे वटारले.

"अरे," ताई म्हणाल्या, "इथं एकच रकाना आहे. कुठल्या पायाचं माप लिहू?"

मालकांनी वाकून ते पान वाचले. मग ताईच हळू आवाजात म्हणाल्या, "बाकी सगळीकडे हेच असतं, त्याची सवय झालीय. पण तुझ्याकडेही?"

मालकांचे डोळे भरून आले. "चुकलं गं ताई," ते म्हणाले.

मेहुण्याला बोलावणे गेले. पाटी, बाहुली, चौकट सगळे उतरवले, आणि मापाच्या पानावर दोन रकाने आले: डावा पाय, उजवा पाय. काही दिवसांनी एक अनोळखी बाई आल्या. त्या पानावर बराच वेळ थांबल्या. मला वाटले, झाले, ह्याही गेल्या! पण त्यांनी दोन्ही मापे लिहिली, आणि खाली दोन ओळी: 'आजवर दर वेळी दोन जोड्या विकत घ्यायचे आणि दोन बूट टाकून द्यायचे. दुसऱ्या पायाचं कुणी विचारलंच नव्हतं.'

मालकांनी त्या ओळी मालकीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवल्या आणि कारखान्याला नकार कळवला.

मित्रांनो, मी आता दमले आहे. माझ्या जागी नवी येईल, यावीही. तिला फार नटवू नका. येणारा कुठे अडखळतो, ते तेवढे त्याच्या शेजारी बसून बघा. आणि परत जाणाऱ्याला कंजूष म्हणण्याआधी, आपण त्याला काय विचारले होते, ते एकदा स्वतः वाचा.