बापूंच्या नंबरावरचा ओटीपी

भूमिकाला सासरी कोणी कधी छळलं नाही, हीच तिची खरी अडचण होती. छळ असता तर माहेरी जाऊन सांगता आला असता. इथे सगळे चांगले होते, आणि चांगल्या माणसांविरुद्ध तक्रार कशी करायची, हे तिला चोवीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडून ती तापीकाठच्या या गावात सून म्हणून आली. सासरे शांतीलाल, सगळ्या गावाचे बापू. सासू जसोदाबाई. नवरा हेमकांत शहाद्याला खताच्या दुकानात कामाला. घरी केळी, कापूस, दोन म्हशी आणि एक जुनी रीत. सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. बापू आले की पदर पुढे ओढायचा, दाराआड व्हायचं, आणि जे सांगायचं ते सासूच्या तोंडून. बापूही रीत पाळत. "तिले सांग, चहामा साखर जास्त पडनी," असं ते बायकोला म्हणत, आणि भूमिका दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत असे. यात तिघांनाही काही विचित्र वाटत नसे. निदान दोघांना तरी नसे.

मागच्या आठवड्यात तिच्या शहाद्याच्या जुन्या कॉलेजातल्या आशा मॅडमचा फोन आला. दुसऱ्या वर्षाला तिची जागा अजून मिळू शकते, पण हे शेवटचंच वर्ष, नंतर पहिलं वर्षही वाया जाईल. अर्ज पुढच्या गुरुवारी चारपर्यंत कॉलेजात आणून द्यायला हवा. भूमिकाने जसोदाबाईंना सांगितलं, जसोदाबाईंनी बापूंना. बापू दोन दिवस विचारात होते.

"सूनले शिकाडाले मन्ही ना नही," तिसऱ्या दिवशी ते ओसरीवर म्हणाले. "पण एसटीमा धक्का खात जावानी काय गरज? आते समदं घरमाच येस."

आणि त्यांनी खरोखर घरात सगळं आणलं. नवा टॅब आणला. खिडकीशी टेबल लावलं, बसायला गादीची खुर्ची दिली. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठाची ऑनलाइन बी.ए. हेमकांतच्या दुकानातल्या कोणीतरी सुचवली होती. चार दिवस वर्ग बघा, पटलं तर गुरुवारपर्यंत प्रवेश पक्का करा, असा त्या विद्यापीठाचा नियम होता. प्रवेश पक्का झाला की शहाद्याच्या कॉलेजातून मूळ दाखला काढून तिकडे पाठवायचा. म्हणजे शहाद्याचा विषय कायमचा मिटला. हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण भूमिकाने ते अर्जात दोनदा वाचलं.

"तू काय म्हणतोस ते सांग," असं तिला हेमकांतला विचारायचं होतं. तिने विचारलं ते एवढंच, "तुमले काय वाटस?"

"बापू इतलं करी ऱ्हायनात," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "आपण नही कसं म्हणानं?" बापूंच्या आणि कोणाच्याही मध्ये तो कधी पडला नव्हता.

अर्ज त्यानेच भरला, आणि मोबाइल नंबराच्या जागी बापूंचा नंबर टाकला. त्यात त्याचा काही डाव नव्हता. गॅस बापूंच्या नंबरावर, वीजबिल बापूंच्या नंबरावर, रेशनकार्डही त्याच नंबरावर. कर्त्या माणसाचा नंबर सोडून सुनेचा टाकावा, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नसतं. भूमिकाकडे स्वतःचा फोन होता, तो माहेरच्यांशी बोलायला.

सोमवारी अकराला पहिला वर्ग. भूमिका वेणीफणी करून टेबलाशी बसली, आणि टॅबने सांगितलं, मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी तीन मिनिटांत टाका. मोबाइल बापूंच्या खिशात, आणि बापू वावरात. तिने स्वयंपाकघरात जाऊन सासूला सांगितलं. सासूने फोन लावला. बापूंनी चष्मा शोधला, मेसेज शोधला, तोवर मुदत टळून गेली. मग बापूंनी जे केलं त्याची गावात आठवडाभर चर्चा झाली. केळीची गाडी भरायला उभी होती, व्यापारी उभा होता, ते सगळं टाकून ते मोटरसायकलवर घरी आले. भूमिकाने नवा ओटीपी मागवला, आणि ते ओसरीवर बसून धापा टाकत म्हणाले, "सांग तिले. चार, नऊ, दोन..." जसोदाबाईंनी दारात उभं राहून आकडे आत पोचवले. वर्ग सुरू झाला. बाहेर बापू समाधानाने पाणी प्यायले.

मंगळवारपासून ते साडेदहालाच घरी येऊन बसू लागले. फोन मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. म्हसावदच्या व्याह्यांना फोन करून त्यांनी सांगितलं, "सून कॉलेज करी ऱ्हायनी. नंबर मन्हा शे." वर्ग कधी सुरू झाला, कधी संपला, ती मध्येच बाहेर पडून पुन्हा आत गेली का, हे त्यांना मेसेजवरून कळे, आणि ते मायेने विचारत, "तिले इचार, आज लवकर का सुटी व्हयनी?" भूमिका पदराआडून उत्तर देई. तिचा जीव गुदमरत होता. जी माणसं आपल्यासाठी केळीची गाडी थांबवतात, त्यांच्यावर चिडणं शोभत नाही, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ती जास्त चिडत होती.

बुधवारी तिने गुपचूप नंबर बदलून बघितला. टॅब म्हणाला, आधी जुन्या नंबरावरचा ओटीपी टाका. तिला हसू आलं, मग रडू आलं. तो ओटीपी मागायचा म्हणजे सासूच्या तोंडून सांगायचं, बापू, तुमचा नंबर नको. एवढं तोंड तिला नव्हतं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर प्रवेश पक्का करायचा होता. दोनची एसटी गाठली तर चारच्या आत शहाद्याला पोचता येत होतं, हे तिला सकाळपासून पाठ होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला?

"सांग तिले. सात, शून्य, तीन, तीन, आठ, एक."

जसोदाबाईंनी आकडे म्हटले. भूमिकाने पाच टाकले. सहाव्याला बोट थबकलं. तिने ठरवून थांबवलं नव्हतं, ते आपलं थांबलं. पडद्यावरची मिनिटं उलटी पळत होती. ती नुसती बघत बसली. मुदत संपली.

"गया तो," जसोदाबाई बाहेर म्हणाल्या. "दुसरा येई."

दुसरा आला. या वेळी तिने एकही आकडा टाकला नाही. हात मांडीवर ठेवून बसली. तीन वर्षांत या घरात पहिल्यांदा एक गोष्ट तिच्या हातात होती, ती म्हणजे काही न करणं. तिसराही तसाच गेला. मग टॅबने कळवलं, खूप प्रयत्न झाले, चोवीस तासांनी पुन्हा या. तेही सासूच्या तोंडून बाहेर पोचलं. चोवीस तासांनी शुक्रवार होता. मुदत गुरुवारची होती.

सुटले, असं तिला वाटलं. कोणी विचारलं तर नेटवर ढकलता येईल. तेवढ्यात बाहेरून बापूंचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता.

"मन्हा डोयाच गयात आते," ते म्हणत होते. "तीनले आठ वाचं व्हई मी. पोरनं वरीस मी वाया घालं." त्यांनी चष्मा काढला होता. तो धोतराच्या सोग्याने पुसत होते, आणि पुसून झाला तरी पुसतच होते.

हे गप्प राहून निभणारं नव्हतं. गप्प राहिली तर म्हातारा माणूस जन्मभर स्वतःच्या डोळ्यांना दोष देईल, आणि उद्या नवा चष्मा करून नव्या विद्यापीठाचा ओटीपी वाचायला बसेल. ती उठून दारात आली.

"तुम्ही बरोबरच सांगं, बापू. मीच टाकं नही."

जसोदाबाईंच्या हातातलं धान्य पाखडायचं सूप तसंच राहिलं. बापूंनी चष्मा चढवला, पण सुनेकडे बघितलं नाही. बायकोकडे वळून ते म्हणाले, "इचार तिले, कसाले?"

"मले शहादाले जानं शे," भूमिका म्हणाली. "कॉलेजमा. वर्गमा बसानं शे."

"तिले इचार," बापू पुन्हा बायकोलाच म्हणाले, "आठे, आपला घरमा, काय कमी शे?"

जसोदाबाईंनी सूप खाली ठेवलं. एवढी वर्षं त्यांनी या घरात आधी सासूचे, मग सुनेचे आणि मध्ये नवऱ्याचे निरोप इकडून तिकडे नेले होते. त्या भिंतीला टेकल्या.

"ती काय बहिरी शे?" त्या म्हणाल्या. "समोर उभी शे. तुम्हीच इचारा."

बापूंनी हातातला फोन उलटा केला, सुलटा केला. मग फार अवघड काम असल्यासारखी मान वळवली, आणि तिच्या पायांकडे बघत, पहिल्यांदा तिला स्वतःला विचारलं.

"आठे काय कमी शे, बेटा?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. उत्तर लांब होतं, एसटी दोनची, आणि स्टँड वीस मिनिटांच्या अंतरावर. भूमिका उंबऱ्याबाहेर आली, बापूंच्या समोर जमिनीवर बसली, आणि सांगू लागली.